डावीकडून चौथे

वेंगुर्ल्यात, बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर,
आमच्या वाचनालयात एक कपाट आहे:
चरित्रे – संगीत.
नाटकवाले, सिनेमावाले, रेडिओवाले, एक बँडमास्तर,
सगळे पुठ्ठ्याला पुठ्ठा लावून उभे,
हयातीत ज्यांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नाही तेही.
खाऱ्या हवेनं सगळ्यांना सारखंच फुगवलंय.

इनास सोज गुरुवारी यायचे.
मासे घ्यायच्या आधी, कारण नंतर पिशवीला वास.
वर्गणीदार नव्हते. उभ्यानंच वाचायचे,
चष्मा कपाळावर, पान नाकापाशी,
शर्टाच्या खिशात सुताराची पेन्सिल.

मला कळलं तोवर चार पुस्तकं झाली होती.

पान ६१: 'त्या रात्री धो धो पाऊस कोसळत होता.'
समासात: खोटा. चांदणा होता.
पान ९८: 'समुद्राकडे पाहता पाहता त्यांना ही चाल सुचली.'
समासात: दादराक, टॅक्सीत. भाडा मिया दिलंय.
पान १४१: 'मद्याला त्यांनी जन्मात स्पर्श केला नाही.'
समासात नुसतं उद्गारचिन्ह,
इतकं दाबून काढलेलं
की १४३ वर उमटलंय, १४५ वरही.

पुस्तकावर काही लिहू नये,
हे आमच्याकडे भिंतीवरच लिहिलंय.
मी खोडरबर घेऊन बसले.
चांदणं पुसलं.
पुन्हा पाऊस सुरू झाला.
टॅक्सी पुसायला घेतली
आणि मग तशीच ठेवली, भाड्यासकट.

प्रभानंद मठकरांचं चरित्र सगळ्यात जाड.
पान २१२ नंतर गुळगुळीत कागद, फोटो.
रेकॉर्डिंगचा हॉल. खाली बारीक अक्षरात:
डावीकडून – ढोलकीवाले पागधरे, मठकर, निर्माते लोटलीकर, अनोळखी.
अनोळखी माणसाच्या हातात ट्रंपेट,
गाल अजून भरलेले,
मध्येच कुणी 'कट' म्हटल्यासारखे.
इथे मात्र समास कोरा.

"हे तुम्ही ना?"
त्यांनी फोटोतली तिसरी कळ दाखवली, जराशी वाकडी.
"सावंतवाडीच्या लग्नात पडलेली.
तेका बॉलपेनाची स्प्रिंग घातलेली मिया."
"नाव लिहा की मग. पेन्सिल आहे तुमच्याकडे."
"असांदे गो बाय.
चुकीचा लिवलेला तर खोडूचा.
ह्यां चुकीचा नाय.
तेंका मी खंय ठावक होतंय?"
आणि बांगडे संपतील म्हणून निघाले.

मठकरांचं ते गाणं अजून लागतं,
रिक्षात, जत्रेत, गणपतीच्या बेंजोवर.
कडवं संपतं, दुसरं सुरू व्हायचं असतं,
तेवढ्यात चार सुरांची एक फुंकर.
हातातला कप खाली ठेवाल
तेवढाच वेळ.
शब्द तोंडपाठ होते माझे. आता मी त्यांच्यासाठी थांबत नाही.

गेल्या साली ईस्टरच्या आठवड्यात ते गेले.
ट्रंपेट घरात नव्हतीच,
होडीच्या इंजिनासाठी विकलेली, कितीतरी वर्षांपूर्वी.
धाकटा मुलगा म्हणाला, इंजिन मात्र चांगलं निघालं.

मी एक कार्ड केलं:
सोज, इनास. ट्रंपेट.
पाहा: मठकर, पान २१२ नंतर, डावीकडून चौथे.
पाहा: समास. ६१ सोडून; ६१ मी पुसलं.

अध्यक्ष म्हणाले, पुस्तक नसलेल्या माणसाचं
कार्ड नसतं.
मी म्हटलं, बरं,
आणि खणात सरकवलं.

तसाही तो खण आषाढात फुगतो,
नारळी पौर्णिमेपर्यंत
कुणालाच उघडत नाही.